एकट्यानं बीजगणित शिकायचं तर

अमूर्त बीजगणित स्वतःच शिकायला बसलेल्यांची एक तक्रार ठरलेली असते: हर्स्टीन आणलं, पहिलं प्रकरण उरकलं आणि दुसऱ्यात गाडी अडली. दुसरं प्रकरण ग्रुप थिअरीचं, म्हणजे खऱ्या विषयाची ती सुरुवातच. आय. एन. हर्स्टीन यांचं ‘टॉपिक्स इन अल्जिब्रा’ १९६४ साली आलं, १९७५ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली, आणि आपल्याकडे एम.एस्सी. करणारे आजही त्याचं नाव आदरानं घेतात. पुस्तक अव्वलच आहे. पण उदाहरणं मोजकी, गणितं चिवट आणि फलन घटकाच्या उजवीकडे लिहिण्याची तऱ्हा. शंका विचारायला समोर कुणी नसेल, तर पहिलं पुस्तक म्हणून ते घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी काय यायला हवं, याचा बाऊही फार केला जातो. कॅल्क्युलस इथे जवळजवळ लागतच नाही. लागतो तो भागाकार: बाकी काढणं, युक्लिडच्या रीतीनं मसावि काढणं, घड्याळासारखी बाकीची बेरीज. शिवाय गणिती विगमन, एकास-एक आणि आच्छादक फलनं, तुल्यता-संबंध. मॅट्रिक्सचा गुणाकार हातात बसलेला असला तर उत्तम. जोसेफ गॅलियन यांच्या ‘काँटेम्पररी ॲब्स्ट्रॅक्ट अल्जिब्रा’मध्ये ही बहुतेक शिदोरी ‘शून्याव्या’ प्रकरणात दिली आहे. दुकानात किंवा ग्रंथालयात तेवढंच वाचून पाहावं. ते ओळखीचं वाटलं तर पुढे जायला हरकत नाही. बाकी काढण्याच्या गणितात दम लागला, तर डेव्हिड बर्टन यांच्या संख्या सिद्धांताच्या पुस्तकातली सुरुवातीची प्रकरणं आधी करावीत.

खरी अडचण वेगळीच असते. बारावीपर्यंत, आणि इंजिनिअरिंगला तर शेवटपर्यंत, गणित म्हणजे उत्तर काढणं. इथे प्रश्नच ‘सिद्ध करा’ने सुरू होतो. नमुना म्हणून एक पाहू. ज्या ग्रुपमधला प्रत्येक घटक स्वतःशी गुणला की १ येतो, त्यात गुणाकाराचा क्रम बदलला तरी फरक पडत नाही, हे दाखवायचं आहे. अ आणि ब हे दोन घटक घ्या. अब हाही त्याच ग्रुपमधला, म्हणून अबअब = १. आता दोन्ही बाजूंना डावीकडून अ आणि उजवीकडून ब नं गुणा. डाव्या बाजूला अअ आणि बब गळून बअ उरतं, उजवीकडे अब. संपलं. हे वाचून पटणं सोपं, कोऱ्या कागदावर सुचणं अवघड. सिद्धता लिहायची सवयच नसेल, तर रिचर्ड हॅमॅक यांचं ‘बुक ऑफ प्रूफ’ इंटरनेटवर मोफत मिळतं. आधी त्यावर वेळ घालवावा, तो वाया जात नाही.

मुख्य पुस्तक म्हणून मी गॅलियनच सुचवेन. चौरसाच्या आठ सममितींपासून ते ग्रुपकडे येतं, उदाहरणं भरपूर देतं, आणि विषम क्रमांकाच्या निवडक गणितांची उत्तरं मागे आहेत. एकट्यानं शिकणाऱ्याला तेवढाच आधार. चार्ल्स पिंटर यांचं पुस्तक आणखी मवाळ. डमिट आणि फूट यांचा ग्रंथ नऊशेहून जास्त पानांचा; तो संदर्भाला जवळ असावा, ओळीनं वाचायला घेऊ नये.

पुस्तक कोणतंही घ्या, बहुतेक जण अडतात ते कोशंट ग्रुपपाशी. इथे घाई करू नये. कागदाचा समभुज त्रिकोण कापा आणि कोपऱ्यांना दोन्ही बाजूंनी आकडे द्या. तो आपल्याच जागेत सहा प्रकारे बसतो: जसाच्या तसा, १२० अंशांनी फिरवून, २४० अंशांनी फिरवून, आणि तीन अक्षांवर उलटवून. ‘जसाच्या तसा’ आणि एक उलटवणं यांचा उपग्रुप घेतला, तर सहा क्रियांच्या तीन जोड्या पडतात. त्यातल्या एका जोडीत एक उलटवणं आणि १२० अंशांचं फिरवणं येतं. आता या जोडीचा तिच्याशीच गुणाकार करायचा. प्रतिनिधी म्हणून उलटवणं घेतलं, तर दोनदा उलटवून त्रिकोण मूळ जागी, म्हणजे उत्तर पहिल्या जोडीत. फिरवणं घेतलं, तर उत्तर २४० अंश, आणि ते तिसऱ्या जोडीत! जोड्यांचा गुणाकार कोलमडला. याउलट तीन फिरवण्यांचा उपग्रुप घ्या: एका बाजूला फिरवणी, दुसऱ्या बाजूला उलटवणी, आणि सगळा हिशेब सम-विषम बेरजेसारखा बिनबोभाट चालतो. नॉर्मल उपग्रुपची अट कशासाठी, हे त्या कागदावर दिसतं. व्याख्या दहादा घोकून ते दिसत नाही.

रिंग आणि फील्डकडे वळल्यावर हातानं बहुपदी सोडवायला लाजू नये. पुण्यात १९७६ साली भास्कराचार्य प्रतिष्ठान उभं करणारे श्रीराम अभ्यंकर बैजिक भूमितीतले जागतिक दर्जाचे गणिती. शाळकरी बीजगणिताच्या ताकदीवर त्यांचा केवढा विश्वास! क्ष² + १ घ्या. पाचच्या बाकीत त्याचे (क्ष + २)(क्ष + ३) असे अवयव पडतात. तीनच्या बाकीत ०, १, २ ठेवून पाहा, एकही मूळ सापडत नाही. म्हणूनच त्यातून नऊ घटकांचं फील्ड तयार करता येतं.

लिनिअर अल्जिब्रा पक्की असेल तर मायकेल आर्टिन यांचं ‘अल्जिब्रा’ घ्यावं. ते मॅट्रिक्सपासून सुरू होतं आणि भूमिती सोडत नाही. गॅलियन झाल्यावर हर्स्टीनकडे परतलात, तर त्याच चिवट गणितांची गोडी लागते. सर्ज लँग यांचं ‘अल्जिब्रा’ मात्र पदव्युत्तर अभ्यासासाठी राखून ठेवा.

विकत घेताना नावं नीट वाचा. हंगरफोर्ड यांचं ‘अल्जिब्रा’ वरच्या पातळीचं आहे. पूर्णांकांपासून सुरू करून ग्रुपच्या आधी रिंग शिकवणारं त्यांचं पुस्तक ‘ॲब्स्ट्रॅक्ट अल्जिब्रा : ॲन इंट्रोडक्शन’. हर्स्टीन यांचंही ‘ॲब्स्ट्रॅक्ट अल्जिब्रा’ नावाचं वेगळं, आटोपशीर पुस्तक आहे. जुनी आवृत्ती स्वस्तात मिळाली तर बिनधास्त घ्या, फक्त गणितांचे क्रमांक नव्या आवृत्तीशी जुळतीलच असं धरू नका.