घरबसल्या विद्या

गुरूच्या घरी राहून विद्या संपादन करावयाची, ही भारतातील जुनी चाल. विद्यार्थी आपल्या घरी आणि गुरू शेकडो कोसांवर, ही व्यवस्था मात्र टपालाची देणगी होय. इंग्लंडात १८४० साली एका पेनीत पत्र देशभर जाऊ लागले, आणि आयझॅक पिटमन याने त्या सोयीचा लाभ घेऊन बाथ येथून आपली लघुलेखनपद्धती टपालाने शिकविण्यास प्रारंभ केला. शिष्यांनी बायबलातील उतारे लघुलिपीत लिहून पाठवावेत व पिटमनने ते तपासून परत धाडावेत, असा क्रम असे. पाठ काय, छापूनही मिळतात. दुरुस्त होऊन परत येणारा तो कागद हेच खरे शिक्षण होते.

पुढे लंडन विद्यापीठाने १८५८ साली कोणत्याही महाविद्यालयात नाव नसलेल्यांनाही आपल्या परीक्षांस बसण्याची मोकळीक दिली. दिल्ली विद्यापीठात १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू झाले, आणि १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. या वाटेने जाणारे कोण? पाळी संपवून घरी येणारा कामगार. लग्नामुळे शाळा सुटलेली आणि मुले हाताशी आल्यावर पुन्हा पुस्तक उघडणारी गृहिणी. गावात महाविद्यालयच नाही असा तरुण. आपण कशासाठी शिकत आहोत, हे प्रौढास पक्के ठाऊक असते. वर्गात एकदा कानांवरून निघून जाणारे वाक्य त्याला रात्री चार वेळा वाचता येते. सावकाश पण नेटाने शिकणाऱ्यास ही सोय अमोल आहे.

परंतु नेट काही प्रवेशपत्राबरोबर मिळत नाही. अमेरिकेतील हार्वर्ड व एमआयटी या संस्थांनी २०१२-१३ मध्ये संगणकाच्या जाळ्यावरून सतरा अभ्यासक्रम विनामूल्य खुले केले. नोंदण्या झाल्या ८,४१,६८७. प्रमाणपत्रे मिळाली ४३,१९६. नुसते डोकावून जाणाऱ्यांस नापास म्हणणे अन्यायाचे होईल, हे खरे. तथापि अडलेल्या जागी विचारावयास कोणी नसले, तर एरवी हुशार विद्यार्थीही पुस्तक मिटून ठेवतो. मुक्त विद्यापीठांची अभ्यासकेंद्रे व तेथील संपर्कसत्रे यांचे महत्त्व येथे आहे. रसायनशाळेतील प्रयोग किंवा रोग्याची शुश्रूषा हे विषय तर प्रत्यक्ष हाताखाली शिकल्याखेरीज येतच नाहीत.

लहान मुलांची गोष्ट निराळी. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, विस्तीर्ण गुरांच्या कुरणांवर राहणाऱ्या मुलांसाठी अ‍ॅलिस स्प्रिंग्ज येथून १९५१ साली बिनतारी शाळा सुरू झाली. मुले शिक्षिकेशी त्याच यंत्रावरून बोलत आणि लेखी पाठ टपालाने येत. पण वही उघडून मुलाशेजारी बसावयाचे काम घरातच कोणाला तरी, बहुधा आईला, करावे लागे. ही शाळा चालली त्यात त्या माउल्यांचा वाटा शिक्षिकांहून कमी नव्हता.

महाराष्ट्रात मार्च २०२० मध्ये शाळा बंद होऊन वर्ग मोबाईलवर आले, तेव्हा अशी शेजारी बसणारी व्यक्ती प्रत्येक घरी नव्हती. कित्येक घरांत मोबाईल एकच. तो वडिलांबरोबर कामावर गेला की वर्ग संध्याकाळपर्यंत बंद. आणि संध्याकाळी थोरल्याची दहावी म्हणून पहिलीतल्या धाकटीने थांबावयाचे. तिला तर अद्याप अक्षरे गिरवावयाची होती, आणि पाटीवर तिचा हात धरणारे कोणी नव्हते.