गरम पाण्याचे प्लास्टिक पाइप : काय तपासावे, काय टाळावे

“डॉक्टर, सोलरचे गरम पाणी प्लास्टिकच्या पाइपमधून येते, त्याने कॅन्सर तर होणार नाही ना?” नळकाम नव्याने करणाऱ्या कुटुंबांकडून हा प्रश्न बऱ्याचदा येतो. पाइप योग्य प्रकारचा असेल, तर त्या पाण्याने आंघोळ करायला घाबरू नका. काळजी घ्यायची ती दोन गोष्टींची : चुकीचा पाइप आणि ते पाणी पिणे.

आधी पाइपवर छापलेली अक्षरे वाचा. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी पाइप हवा. त्यावर ‘आयएस १५७७८’ हा मानक क्रमांक असतो. पीपीआर पाइपही चालतो. पांढरा किंवा राखाडी साधा पीव्हीसी पाइप थंड पाण्यासाठी असतो. त्याचे भारतीय मानक ४५ अंश सेल्सिअसपर्यंतच्याच पाण्यासाठी आहे आणि सोलरचे पाणी सहज ६० अंशांवर जाते. घर चार दिवस बंद राहिले, तर त्याहूनही जास्त. अशा वेळी साधा पाइप मऊ पडतो, वाकतो आणि सांधा निसटून उकळते पाणी अंगावर येऊ शकते. थोडे पैसे वाचवण्यासाठी प्लंबर तोच पाइप सुचवत असेल, तर स्पष्ट नाही म्हणा.

दुसरे कारण शिशाचे. पीव्हीसी टिकाऊ व्हावा म्हणून त्यात शिशाची संयुगे घालण्याची पद्धत आपल्याकडे अनेक वर्षे होती. केंद्र सरकारने २०२१ मध्ये त्यावर निर्बंध घालणारे नियम काढले, पण जुन्या घरांत जुनेच पाइप आहेत. शिसे बाळाच्या मेंदूच्या वाढीला बाधक असते आणि पाणी उकळल्याने ते जात नाही. त्यामुळे पाइप कोणताही असो, गरम नळाचे पाणी चहा, वरण-भात किंवा बाळाच्या दुधासाठी घेऊ नका. घाईच्या सकाळी मोह होतो, हे खरे! पण पिण्याचे थंड पाणी घेऊन गॅसवरच तापवा. नवे पाइप जोडल्यावर सोल्युशनचा वास जाईपर्यंत पाणी वाहू द्या.

आता भाजण्याबद्दल, कारण रोजचा धोका खरे तर हाच आहे. सोलरच्या नळाला आधी पाइपमधले थंड पाणी येते, म्हणून आपण नळ पूर्ण सोडतो आणि मग एकदम कढत धार येते. ६० अंशांचे पाणी मोठ्या माणसालाही सुमारे पाच सेकंदांत खोलवर भाजते. लहान मुले आणि वृद्धांची त्वचा आणखी नाजूक असते. बादलीत आधी थंड पाणी घ्या. मधुमेहामुळे पाय बधिर झाले असतील, तर पाण्याचा अंदाज पायाने घेऊ नका, कोपराने घ्या. पाणी तपासल्याशिवाय मुलाला बाथरूममध्ये सोडू नका.

भाजलेच, तर तो भाग २० मिनिटे नळाच्या साध्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद लावू नका, फोड फोडू नका. बाळ भाजले असेल किंवा चेहरा, हात, जननेंद्रिय भाजले असेल, तर लगेच रुग्णालयात जा.