सेनिओच्या काठावरच्या दोन खेपा
शूरांची ओळख : लेखांक ६

गेल्या आठवड्यात कुंदगोळ तालुक्यातल्या बेटदूरच्या लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पद यांच्याविषयी लिहिलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनच्या बर्फाखालून सहा दिवसांनी त्यांना जिवंत बाहेर काढलं ते लष्करातल्याच सोबत्यांनी. आजची गोष्टही सोबत्यांना वाचवण्याचीच, पण गोळीबाराखालची आणि एकट्या शिपायाची. पलटण आपल्या शेजारची : बेळगावला जिचं केंद्र आहे ती मराठा लाइट इन्फन्ट्री. शिपाई नामदेव जाधव, गाव निमज, जिल्हा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर.

इटलीतली सेनिओ नदी लढाईच्या जागी रुंदीला पंधरा फूट, खोलीला चार-पाच फूट. आपण हिला ओढाच म्हणू. पण पुरासाठी दोन्ही काठांना घातलेले बांध तीस-पस्तीस फूट उंच, जवळजवळ उभे. जर्मनांनी ते पोखरून आत मोर्चे केले होते. मेख अशी, की मशीनगनचे काही मोर्चे अलीकडच्या, पूर्वेच्या बांधातच, पण नदीकडच्या अंगाला होते. बाहेरून चढणाऱ्याला ते दिसत नाहीत. तो बांध ओलांडतो, सुरुंगांच्या पट्ट्यातून उतरतो, पाण्यातून पलीकडे निघतो आणि मग गोळ्या मागून येतात.

९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी नेमकं हेच झालं. जाधव कंपनीचे ‘रनर’, म्हणजे निरोप पोचवणारे. त्यामुळे कंपनी कमांडरच्या जवळच होते. पश्चिम काठावर पाय ठेवताच किमान तीन मोर्च्यांतून मारा सुरू झाला. कमांडर आणि दोन जवान जखमी झाले, बाकीचे ठार. धड राहिले एकटे जाधव.

जखमीला हलवायचं तर वाट एकच : पाणी, उभा बांध, सुरुंग, आणि ज्या बांधातून मशीनगन चालताहेत तोच चढायचा. त्यांनी एकाला पाठीमागे सुखरूप पोचवलं, परत उतरले आणि दुसऱ्याला आणलं. मला यातली दुसरी खेप मोठी वाटते. पहिल्या वेळी माणूस भरात धावून जाईल; दुसऱ्या वेळी वाटेत काय काय आहे ते त्याला पुरतं ठाऊक असतं.

तिसऱ्यांदा गेले ते मोर्च्यांवरच. पहिला टॉमीगननं गप्प केला. हाताला जखम झाली, बंदूक चालवता येईना, तेव्हा ती फेकून हातबॉम्ब घेतले. त्यांनी आणखी दोन मोर्चे उडवले. मध्ये एकदा सरपटत माथ्यावर जाऊन पलीकडच्या उतारावरच्या सोबत्यांकडून बॉम्बही आणले. मग उखळी तोफांच्या माऱ्यात, बांधावर उघड्यावर उभं राहून, मराठ्यांची गर्जना देत त्यांनी मागच्यांना नदी ओलांडायला बोलावलं.

या पराक्रमासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९८४ मध्ये ते पुण्यात वारले. त्याच दिवशी याच नदीवर, फुसिन्यानोजवळ, फ्रंटियर फोर्स रायफल्सचे शिपाई अली हैदर यांनीही तोच मान मिळवला. त्यांच्याविषयी पुढच्या आठवड्यात.