एका ओवीचे तीन आवाज

चित्रपट हा पाहावयाचा असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अनुबोधपटाच्या बाबतीत ती अर्धीच खरी. तेथे माणसे आपली हकीकत आपल्या तोंडाने सांगतात. ती नीट ऐकू आली नाही, तर उत्तम चित्रही मुके ठरते. शिवाय दृश्यातील प्रकाश थोडा कमी-अधिक झाला, तरी डोळा तो चालवून घेतो. परंतु वाक्याच्या मध्येच आवाजाचा पोत बदलला, की कान दचकतो आणि सांगणाऱ्यावरील लक्ष उडते. अनेक कॅमेऱ्यांनी टिपलेला आवाज एकजीव करणे हे संकलकाचे काम म्हणूनच महत्त्वाचे.

समजा, एक वृद्ध आजीबाई जात्यावर दळीत ओव्या म्हणत आहेत आणि तीन कॅमेरे चालू आहेत. पहिल्याला जोडलेला लहानसा मायक्रोफोन आजीबाईंच्या पदराला लावलेला आहे. दुसरा कॅमेरा खोलीच्या कोपऱ्यात आहे. तिसरा म्हणजे दारात उभ्या असलेल्या नातवाच्या हातातील मोबाइल फोन. ओवी एकच, परंतु पहिल्यात ती कानाशी म्हटल्यासारखी, दुसऱ्यात विहिरीतून आल्यासारखी, तर तिसऱ्यात पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी वाटते.

याचे पहिले कारण अंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की आवाजाची पातळी सुमारे 6 डेसिबलने उतरते. भिंतींवरून परतणारा घुमारा मात्र खोलीभर जवळजवळ सारखाच राहतो. त्यामुळे दूरच्या मायक्रोफोनला शब्द कमी आणि खोलीच अधिक ऐकू येते. दुसरे कारण मायक्रोफोनची घडण. कोणी खर्ज खातो, तर कोणी वरच्या स्वरांना नको तितकी धार आणतो. तिसरे कारण यंत्राची फाजील तत्परता. पुष्कळ कॅमेऱ्यांत व फोनांत आवाजाची पातळी आपोआप राखण्याची सोय असते. ओळ संपवून आजीबाई श्वास घेतात, तेवढ्यात यंत्र पातळी चढविते आणि जात्याची घरघर एकाएकी मोठी होते. ही सोय चित्रणापूर्वीच बंद करून पातळी हाताने ठरविणे श्रेयस्कर.

यांपैकी पातळी आणि खर्ज-धार यांतील फरक संकलनात बराचसा दुरुस्त होतो. घुमारा मात्र एकदा मिसळला, की शब्दांपासून वेगळा करणे कठीण. तो कमी करणारी साधने आज उपलब्ध आहेत. पण त्यांचा अतिरेक झाला, तर माणसाचा आवाज यांत्रिक वाटू लागतो. म्हणून तिन्ही आवाज सारखेच वापरण्याचा हट्ट धरू नये. सर्वांत जवळच्या मायक्रोफोनचा आवाज हाच कणा मानावा आणि चित्र कोणत्याही कॅमेऱ्याचे असले, तरी त्याखाली तोच चालू ठेवावा.

त्यासाठी चित्र व आवाज यांचा मेळ बसला पाहिजे. आरंभी सर्व कॅमेऱ्यांसमोर एक टाळी वाजवून ठेवली, तर तो सहज बसतो. तथापि प्रत्येक यंत्राचे घड्याळ किंचित वेगळे चालते. दहा लाखांत अवघ्या 50 अंशांचा फरक असला, तरी तासाभरात तो 0.18 सेकंद होतो. सेकंदाला 25 चौकटी धरल्या, तर हे अंतर साडेचार चौकटींचे झाले. ओठ आणि शब्द यांची फारकत दिसण्यास एवढे पुरे आहे. दीर्घ चित्रणात मेळ अधूनमधून पुन्हा तपासावा तो यासाठी.

पण पदराच्या सळसळीने एखादी ओवी खराब झाली आणि ती कोपऱ्यातील कॅमेऱ्यातूनच घ्यावी लागली, तर? अशा वेळी प्रथम दोन्ही आवाजांची पातळी मीटर पाहून आणि कानाने ऐकून जुळवावी. नंतर खर्ज व धार यांचा तोल साधावा. कोपऱ्यातील आवाज हवा तितका सुधारत नाही असे दिसले, तर सांध्याच्या आसपास चांगल्या आवाजातच किंचित घुमारा मिसळावा. दोन टोकांतील दरी दोन्ही बाजूंनी भरली, की ती कमी जाणवते. आवाजाचा सांधा चित्राच्या सांध्यावरच न ठेवता थोडा मागेपुढे ठेवावा आणि एक आवाज उतरत असताना दुसरा हलकेच चढवावा. शेवटी, ओवी थांबवून नुसत्या जात्याचा मिनिटभर आवाज आधीच मुद्रित केलेला असेल, तर तो मंदपणे सलग खाली पसरावा. पार्श्वभूमी अखंड राहिली, की वरचे ठिगळ कानाला सहसा सापडत नाही.

येथे एक मोह टाळला पाहिजे. स्वच्छतेच्या हौसेने जात्याची घरघर समूळ पुसून टाकता येईल; परंतु ओवीची लय त्या फिरण्यावरच उभी आहे. ती पुसली, तर आवाज निर्मळ होईल, पण ते घर आणि ते दळण नाहीसे होईल. तसेच तिन्ही कॅमेऱ्यांचे मूळ मुद्रण कोणताही फेरफार न करता जपून ठेवावे. साधने उद्या सुधारतील आणि आज अस्पष्ट वाटणारा शब्द कदाचित उद्या उलगडेल. चित्रपट पुन्हा संकलित करता येतो. ओवी म्हणणाऱ्या आजीबाई मात्र पुन्हा जात्याशी बसतीलच, याची शाश्वती नाही.