त्रिरश्मीवरचे दाते आणि एक शेत

नाशिकची पांडवलेणी म्हणजे जुना त्रिरश्मी डोंगर. तेथे मूर्तींपेक्षा मला भिंतींवरचे हिशेब अधिक खिळवून ठेवतात. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने आपली दाने कोरवली आहेत: तीन लाख गाई, ब्राह्मणांना सोळा गावे, आणि भिक्षूंसाठी गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे ठेवलेले ३,००० कार्षापण, तेही व्याजदरासकट!

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाची सत्ता मोडली. जोगळटेंभीला १९०६ साली सापडलेल्या नहपानाच्या १३,००० हून अधिक नाण्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर त्याने आपला छाप उमटवलेला आहे. लेण्यांचेही तसेच. तिसऱ्या लेण्याचे खांब दहाव्याशी ताडून पाहावेत. घडण तीच, सफाई मात्र थोडी कमी. हे लेणे त्याची आई गौतमी बलश्री हिने पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षी भिक्षूंना दिले. दानलेखाचा मोठा भाग मुलाच्या पराक्रमाचा आहे. क्षहरात वंश त्याने समूळ उखडला, हे त्यात आवर्जून सांगितले आहे. चीनमधील लोंगमेनच्या भव्य बुद्धमूर्तीसाठी सम्राज्ञी वू हिने ६७२ साली प्रसाधनाच्या खर्चातून २०,००० माळा नाणी दिली, ती नोंदही दगडातच आहे. राजस्त्रीचे दान मूक राहत नसे.

पण माझ्या मते खरी गोष्ट याच लेण्याच्या ओसरीतील, बलश्रीच्या लेखाआधीच्या दोन राजाज्ञांत आहे. १८ व्या राज्यवर्षी गौतमीपुत्र सैन्याच्या तळावरून गोवर्धनच्या अमात्याला कळवतो, की पश्चिम कखडी गावातील २०० निवर्तने शेत भिक्षूंना दिले आहे. ते आजवर उसभदाताकडे होते, असेही तो सांगतो. उसभदात म्हणजे उषवदातच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. शत्रूचे शेत, दाता नवा.

सहा वर्षांनी, २४ व्या वर्षी, राजा आणि त्याची आई मिळून दुसरी आज्ञा देतात. कखडीचे ते शेत कोणी कसत नाही, गावात वस्तीच नाही. दोन सत्तांच्या झुंजीत गाव उठले असावे, असे मला वाटते. दान कागदोपत्री, नव्हे दगडोपत्री, पक्के होते. पण नांगर धरायला माणूस नव्हता, म्हणून भिक्षूंच्या पदरी काही पडत नव्हते. तेव्हा नगराच्या शिवेवरील राजाच्या जमिनीतून १०० निवर्तने बदली दिली गेली. पूर्वीच्या निम्मी. अमात्याचे नाव दोन्ही आज्ञांत आहे. कसणाऱ्याचे एकातही नाही.