गाडी एक, मालक किती? जुन्या अमेरिकन गाड्यांचा फेरफार

मसल कार म्हणजे काय ते आधी थोडक्यात सांगतो. १९६०च्या दशकात अमेरिकन कंपन्यांनी मध्यम आकाराच्या साध्या गाडीत मोठ्या गाडीचं दांडगं इंजिन बसवून विकायला सुरुवात केली, त्या ह्या गाड्या. १९६४ची पॉन्टिॲक जीटीओ हे त्यातलं ठळक नाव. गंमत अशी, की पहिली दोन वर्षं जीटीओ हे वेगळं मॉडेल नव्हतंच. ल मां या गाडीवर जादा पैसे भरून घ्यायचा तो पर्याय होता. त्यामुळे १९६४-६५च्या गाडीवर कोरलेल्या नंबरवरून ती जीटीओ आहे की साधी, हे कळतच नाही. इंजिन बदललं, चार बिल्ले लावले, की झाली जीटीओ! म्हणून तिथले जाणकार कंपनीचं मूळ बिल काढतात आणि तिथून एकेक मालक जोडत येतात. आपण सातबाऱ्याचे जुने फेरफार काढतो ना, अगदी तसंच.

‘बुलिट’ या १९६८च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली हिरवी मस्टँग घ्या. चित्रीकरणानंतर ती विकली गेली आणि १९७४मध्ये न्यू जर्सीतल्या एका कुटुंबाकडे आली. १९७७मध्ये खुद्द मॅक्वीनने पत्र लिहून ती परत मागितली. त्यांनी दिली नाही. पुढे अनेक वर्षं ती झाकून पडली. २०१८मध्ये जगासमोर आली तेव्हा चॅसिस नंबर होता, मॅक्वीनचं पत्र होतं, मालकांची साखळीही सलग होती. २०२०च्या लिलावात कमिशन धरून तिला ३७ लाख ४० हजार डॉलर मिळाले. तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या मस्टँगला एवढे कोण देणार?

आपल्याकडे अशा गाड्या दुर्मीळच. जनरल मोटर्स १९२८पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडायची, प्रीमियरने १९४७पासून कुर्ल्यात डॉज-प्लिमथ जोडल्या. पण जनरल मोटर्स आणि फोर्ड १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत इथून गेल्या. मसल कार आली त्यानंतर. आपल्या भागात त्यामुळे जुनी अमेरिकन गाडी सापडलीच, तर बहुधा त्या आधीची. शोधायची रीत मात्र तीच.

समजा, मंगरूळपीरच्या एखाद्या वाड्यात १९४९ची प्लिमथ उभी आहे. गाडी जागची हलली नाही, पण तिच्याभोवतीचं राज्य बदलत गेलं. आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाड, मग मध्य प्रदेश, १९५६ला मुंबई राज्य, १९६०ला महाराष्ट्र. जिल्हा अकोला होता, तो १ जुलै १९९८ला वाशीम झाला. म्हणजे जुन्या कागदावर नागपूर राजधानी असलेल्या सरकारचा शिक्का दिसला, तर ते खोटं समजू नका. उलट तो दिसायलाच हवा. आणि १९४९च्या गाडीला एमएच-३७ची पाटी असेल तर थांबा. तो क्रमांक वाशीमचा, म्हणजे नंबर मध्ये कधीतरी बदललाय. का बदलला, हे विचारा.

पाटीपेक्षा चॅसिस महत्त्वाची. नंबर कोरलाय तिथे कागद ठेवून पेन्सिल घासा. आरटीओत हस्तांतराला हीच छाप लागते. ती आरसी बुकाशी ताडून बघा. जुन्या आरसी बुकात मालक एकाखाली एक नोंदलेले असतात, तारखांसह. वारसाने आलेली गाडी असेल तर फॉर्म ३१ लागतो, विक्रीला २९ आणि ३०. मधला माणूस दिसत नसेल तर ती जागा कोरी ठेवा. ‘कुण्या जमीनदाराची होती म्हणे’ हे आम्ही पुरावा धरत नाही. असली बढाई विक्रेता फुकट देतो.

साखळी सर्वांत जास्त कुठं तुटते? सहीचे कोरे टीटीओ फॉर्म हातोहात फिरतात तिथं. गाडी तीन घरं फिरते, नाव पहिल्याचंच राहतं. शौकिनापुरती ही गोष्ट नाही. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सांगितलं, की अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी ज्याचं नाव नोंदीत आहे त्याची. गाडी विकून मोकळे झालो असं समजणारा माणूस यात सापडतो. तेव्हा विकणाऱ्यानेही हस्तांतर पूर्ण झालं का, ते आरटीओत जाऊन बघावं.

२०२१च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदणी दिली. नव्याने नोंदवताना वीस हजार रुपये लागतात, मुदत दहा वर्षं, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. तो ठेवा. पुढच्या शोधणाऱ्याला धागा तिथूनच मिळतो.