दुगाडचे धुके आणि दादासाहेबांचे दोस्त

भिवंडीहून वाड्याकडे जाताना दुगाड फाटा लागतो. १२ डिसेंबर १७८० रोजी या परिसरात रामचंद्र गणेश कानडे कर्नल हार्टलेच्या फौजेशी लढताना पडले. दाट धुक्याच्या आडून ते चालून गेले होते. धुके एकाएकी विरले आणि मराठे तोफांच्या ऐन माऱ्यात सापडले. ज्या वसईसाठी ही धडपड, तिने आदल्याच दिवशी शरणागती पत्करली होती.

शाळेत आपण याला इंग्रज-मराठे युद्ध म्हणतो. मला ते आधी घरचे युद्ध वाटते. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावांचा खून झाला, राघोबादादा पेशवे झाले आणि बारभाईंनी त्यांच्याविरुद्ध कारस्थान उभारले. गादीवरच्या पेशव्याला झुगारून अजून न जन्मलेल्या मुलाच्या नावाने कारभार हाती घेणे, ही राज्यक्रांतीच होती. १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवराव जन्मले आणि दादांच्या हक्काचा पायाच गेला.

परक्याची मदत इथून सुरू होते. ६ मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात मुंबईकर इंग्रजांनी अडीच हजार सैन्य कबूल केले. मोबदला: साष्टी, वसई, महिना दीड लाख रुपये आणि तारण म्हणून सहा लाखांचे जवाहीर. पण ठाण्याचा किल्ला त्यांनी त्याआधीच, डिसेंबर १७७४ च्या अखेरीस, लढून घेतला होता. माल आधी उचलला, पावती मागाहून. दादा बलवान असते तर त्यांनी साष्टी दिली नसती. त्यांचा दुबळेपणा हाच इंग्रजांच्या दृष्टीने त्यांचा गुण होता.

गंमत अशी, की दुफळी पाठीराख्यांतही होती. कलकत्त्याच्या कौन्सिलने सुरतेचा तह नामंजूर करून मार्च १७७६ मध्ये पुरंदरला बारभाईंशी वेगळा तह केला. लंडनच्या संचालकांनी मात्र मुंबईकरांचीच बाजू उचलून धरली. दादा कोणत्या कागदावर विसंबणार?

बारभाईही एकजीव नव्हते. १७७८ मध्ये मोरोबा फडणीसांनी नानांविरुद्ध उचल खाल्ली आणि दादांना पुण्यात आणण्याचा घाट घातला. याच आशेवर मुंबईकर पुन्हा सरसावले. परंतु त्यांची फौज घाट चढेपर्यंत महादजी शिंद्यांच्या मदतीने नानांनी मोरोबांना कैद केले होते. दादांना पाहून सरदार येऊन मिळतील, हा हिशेब कोलमडला. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांना वडगावला मान तुकवावी लागली. नाना तरी सोवळे कुठे होते? सेंट ल्यूबिन या फ्रेंच माणसाला त्यांनी पुण्यात मानाने ठेवले होते. दुगाडला आपल्या बाजूने जखमी झालेला नोरोन्हाही पोर्तुगीज होता. फरक इतकाच, की नानांनी परक्याला चाकरीत किंवा आशेवर ठेवले. दादा स्वतःच परक्याच्या आशेवर राहिले.

१७ मे १७८२ ला सालबाईचा तह ठरला, तो कंपनी आणि पेशवे यांच्यात, महादजींच्या मध्यस्थीने. दादांच्या वाट्याला एक कलम आले: इंग्रजांनी त्यांचा पाठिंबा सोडायचा, त्यांना दरमहा पंचवीस हजार रुपये मिळायचे. ते कोपरगावला राहिले आणि डिसेंबर १७८३ मध्ये वारले. वसई पेशव्यांना परत मिळाली, साष्टी मिळाली नाही. कशेळीच्या खाडीच्या भिवंडीकडच्या तीरावर पेशवाई, ठाण्याकडच्या तीरावर कंपनी, अशी सरहद्द १८१७ पर्यंत राहिली.